स्वादुपिंडाला सूज आलेल्या कुत्र्याचं खाणं : नुसतं तूप बंद करून भागत नाही

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा आठ वर्षांचा पॉमेरेनियन, नाव सोनू, वजन ११ किलो. आषाढात गावची यात्रा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला उलट्या सुरू झाल्या. पोटाला हात लावू देईना. बेळगावात तपासण्या होऊन स्वादुपिंडाला सूज असल्याचं निघालं, चार दिवस सलाईन झालं. घरी सोडताना 'लो फॅट द्या' एवढंच सांगितलं गेलं. तयार खाद्य गावात मिळत नाही आणि कायम परवडणारंही नाही. तूप बंद केलंय, तांदळाची पेज चालू आहे, पण तो हुंगून बाजूला होतो. सासूबाईंचं म्हणणं, भाकरी-दुधावर इतकी वर्षं चांगला होता की, आता काय झालं? तर काय द्यायचं, किती द्यायचं आणि किती दिवस?

ताई, तूप बंद केलंत हे बरं झालं. पण 'लो फॅट' आणि 'बिनतुपाचं' यांत बराच फरक आहे, आणि या भागात कुत्र्यांवर उपचार करताना माझा सगळ्यात जास्त वेळ हेच पटवण्यात जातो. घरात तूप बंद होतं, कोंबडीचं कातडं चालू राहतं. लोणी बंद होतं, म्हशीचं दूध चालू राहतं. महिन्याभरात तेच कुत्रं पुन्हा टेबलावर. म्हणून आधी स्वयंपाकघरात वापरायचा छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. दिवसभरात सोनूच्या पोटात एकूण किती ग्रॅम चरबी गेली, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. अंदाजानं दिलेलं 'साधं' खाणं बहुतेक वेळा साधं नसतं.

आजार काय आहे ते दोन वाक्यांत सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. स्वादुपिंड जठराला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला लागून असतं. ते पचनाचे रस आतड्यात सोडतं आणि इन्सुलिन रक्तात. प्रथिनं पचवणारे रस ग्रंथीत असेपर्यंत निष्क्रिय असतात, आतड्यात पोचल्यावर कामाला लागतात. या आजारात ते ग्रंथीतच कामाला लागतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला सुरुवात करते. उलट्या, ताप, पोटात प्रचंड दुखणं हे सगळं त्यातून येतं. पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून कुत्रं उभं राहतं, ते पोटदुखीमुळे. लोकांना वाटतं आळस देतंय. चरबीचा घास आतड्यात पोचला की शरीर स्वादुपिंडाला रस सोडायचा निरोप देतं. कमी चरबीचं खाणं ग्रंथी बरी करत नाही, पण तिला डिवचतही नाही, आणि रक्तातली चरबी आटोक्यात ठेवतं. आपल्याला तेवढंच हवंय.

सासूबाईंना काय सांगायचं? इतकी वर्षं काही झालं नाही हे खरंच आहे. बऱ्याच कुत्र्यांत नेमकं एक कारण सापडतही नाही. पण वय झालेलं, वजन जास्त असलेलं कुत्रं आणि अचानक आलेलं तेलकट, चरबीचं जेवण ही जोडी नेहमीची. पॉमेरेनियनला ११ किलो म्हणजे जास्तच. हाडापेरानं थोराड असला तरी सोनू ९ किलोच्या आसपास हवा. यात्रेत पाहुणेरावळे येतात, दिवसभर पंगती उठतात, आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते दारातल्या कुत्र्याला मिळतं. वडगावच्या मंगाईच्या यात्रेनंतर, धुळवडीनंतर आणि दिवाळीच्या फराळानंतर दवाखान्यात अशी कुत्री येतात, हे इथल्या कुठल्याही पशुवैद्याला विचारा. गंमत म्हणजे बोकडाचं निव्वळ लाल मांस तसं फार चरबीचं नसतं. घात करतो तो रश्शावरचा कट, मांसाला चिकटलेली पांढरी चरबी आणि नळीतला मगज. पांढऱ्या रश्शात वर नारळाचं दूध.

आता पेजेबद्दल. पूर्वी या आजारात तीन-तीन, चार-चार दिवस तोंडाला काही लावू द्यायचं नाही अशी पद्धत होती. 'स्वादुपिंडाला विश्रांती' असं त्याला म्हणत. ती पद्धत आता मागे पडली आहे. उलट्या आटोक्यात आल्या की लवकरात लवकर थोडं थोडं खाणं सुरू करायचं, कारण आतड्याच्या आतल्या अस्तराला तग धरायला अन्न लागतं. पेजेत चरबी नाही हे बरोबर, पण प्रथिनंही जवळपास नाहीत आणि बाकी सगळं पाणी. नुसत्या पेजेवर आठवडा काढलेलं कुत्रं उपाशीच असतं, फक्त पोट भरलेलं दिसतं. पेज टाकून देऊ नका, तिच्यात कोंबडीचं मांस घाला.

किती द्यायचं याचा हिशेब मोबाइलवर होतो. कुत्र्याचं जे वजन हवंय ते घ्या. त्याला त्याच आकड्यानं दोनदा गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्या आकड्याला ७० नं गुणा. सोनूसाठी : ९ गुणिले ९ गुणिले ९ म्हणजे ७२९, एकदा वर्गमूळ २७, पुन्हा वर्गमूळ साधारण ५.२, गुणिले ७० म्हणजे दिवसाला ३६५ कॅलरीच्या आसपास. २० किलोच्या कुत्र्याला हाच हिशेब ६६० च्या घरात येतो, ३० किलोच्या लॅब्रेडोरला ९०० च्या घरात. हा विश्रांतीच्या काळातला आकडा आहे, आजारातून उठणाऱ्या आणि वजन उतरवायच्या कुत्र्यासाठी तो ठीक बसतो.

चरबीची मर्यादा अशी धरतात : प्रत्येक १,००० कॅलरीमागे ३० ग्रॅमच्या आत. आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल किंवा रक्तात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेलं असेल तर २० ग्रॅमच्या आत. सोनूच्या ३६५ कॅलरीला हे दिवसाचे ७ ते ११ ग्रॅम होतात. मी सुरुवातीला याच्याही खाली राहायला सांगतो, कारण घरात चुकून जाणाऱ्या घासाला जागा ठेवावी लागते.

सोनूचं एका दिवसाचं पूर्ण माप : शिजवलेलं, कातडं काढलेलं चिकन ब्रेस्ट १०० ग्रॅम, शिजवलेला भात १५० ग्रॅम, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा ५० ग्रॅम. एकूण ३५५ कॅलरीच्या आसपास, आणि चरबी साडेतीन ग्रॅम. वजन शिजल्यानंतरचं धरायचं. कच्च्या आणि शिजलेल्याची गल्लत झाली की सगळा हिशेब कोलमडतो.

आता या साडेतीन ग्रॅमच्या शेजारी बाकीच्या वस्तू ठेवून बघा. चहाच्या चमच्यानं एक चमचा तूप : ५ ग्रॅम. एका अंड्याचा पिवळा बलक : साडेचार-पाच ग्रॅम. मूठभर, म्हणजे २० ग्रॅम शेंगदाणे : १० ग्रॅम. एक कप म्हशीचं दूध : १० ग्रॅम किंवा जास्त. 'एकच चमचा तर घातला' असं म्हणून भातावर सोडलेलं तूप त्याच्या अख्ख्या दिवसाच्या चरबीपेक्षा जास्त असतं. सासूबाईंना हा एवढा परिच्छेद वाचून दाखवा.

सगळं माप पहिल्याच दिवशी द्यायचं नाही. आज चौथाई : २५ ग्रॅम चिकन, ३५-४० ग्रॅम भात, पाच-सहा वेळा विभागून. म्हणजे एका वेळेला दोन-तीन चमचेच. उलटी नाही झाली तर उद्या अर्धं, परवा पाऊण, चौथ्या दिवशी पूर्ण. मधे एखादी उलटी झाली तर एक पायरी खाली या आणि डॉक्टरांना कळवा. भोपळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. पूर्ण मापावर आला की दिवसातून चार वेळा, पुढे महिन्याभरानं तीन वेळा. एकदाच ताट भरून देण्याची सवय मात्र कायमची मोडा.

चिकन कसं आणायचं, इथे थोडा थांबतो, कारण घोळ इथेच होतो. आपल्याकडच्या चिकनच्या दुकानात 'कुत्र्याला पाहिजे' म्हटलं की दुकानदार वेगळी पिशवी भरतो : कातडं, माना, मुंड्या, पाय, आणि पोटातला तो पिवळा चरबीचा गोळा. स्वस्त असतं, कुत्री आवडीनं खातात. कच्च्या कातड्यात साधारण तिसरा हिस्सा चरबीच असते. ती पिशवी धडधाकट कुत्र्यालाही रोज देण्यासारखी नाही; सोनूसाठी तर तिच्याकडे बघायचंही नाही. दुकानात कुत्र्याचं नावच काढू नका. 'छातीचा भाग, बोनलेस, कातडं काढून' असं सांगा आणि समोर उभं राहून कापून घ्या. घरी आल्यावर कडेला पिवळसर काही चिकटलेलं दिसलं तर सुरीनं खरवडून टाका. मांडीच्या मांसात कातडं काढलं तरी छातीच्या दुप्पट-अडीचपट चरबी असते, म्हणून पहिले दोन महिने फक्त छातीचाच भाग.

शिजवताना पाण्याशिवाय काही घालायचं नाही. मीठ नाही, हळद नाही, फोडणी तर नाहीच. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे आपल्या रश्श्यातला तुकडा 'पाण्यात धुऊन' देणंही बाद. कुकरला तीन शिट्ट्या पुरे. मांस काढून बारीक तोडा. पाणी फेकू नका. पातेलीत ओतून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरट पापुद्रा गोठलेला दिसेल. तो चमच्यानं उचलून टाकून द्या, खालचं पाणी भात शिजवायला वापरा. छातीच्या मांसाच्या पाण्यावर पापुद्रा अगदी पातळ येतो. एकदा दुकानातल्या त्या दुसऱ्या पिशवीतला माल उकळून शेजारी ठेवून बघा, बोटभर थर जमतो. घरच्यांना मग वेगळं समजावावं लागत नाही.

तांदूळ घरचा कुठलाही चालेल, जरा मऊ शिजवा. भाकरीवर माझा राग नाही. ज्वारीच्या पिठात चरबी शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच असते. पण तिचा कोंडा सुजलेल्या आतड्याला सुरुवातीला जड जातो, म्हणून तीन आठवड्यांनी, पाण्यात भिजवून, भाताच्या बदल्यात थोडी थोडी आणा. खरा प्रश्न भाकरीसोबतच्या दुधाचा आहे. म्हशीचं दूध ६-७ टक्के चरबीचं. साय काढली तरी बरीचशी चरबी दुधातच राहते. दूध बंद. ताक घुसळून लोणी पूर्ण काढलेलं, पातळ आणि बिनमिठाचं असेल तर पुढे दोन-चार चमचे चालेल. आंबीलही त्याच अटीवर : मीठ, लसूण, मिरची काही नको. तुमच्यासाठी केलेल्या आंबिलीत मीठ पडायच्या आधी त्याची वाटी बाजूला काढा.

हेच उत्तर निपाणी-चिकोडीकडची जैन घरं, अथणीकडची लिंगायत घरं वाचत असतील, त्यांच्यासाठी. मांस घरात येणार नाही हे मी गृहीत धरतो, त्यात अडचण नाही. साय काढलेल्या नव्हे, पाकिटातल्या स्किम्ड दुधाचं दही किंवा त्याच दुधाचं घरी फाडून केलेलं पनीर घ्या. बाजारचं पनीर २० टक्क्यांच्या पुढे चरबीचं असतं, ते चालत नाही. सालं काढलेली मूगडाळ मऊ शिजवून गाळून द्या. हरभऱ्याची डाळ नको, वायू धरतो आणि मग उलटी कशानं झाली तेच कळत नाही. अंडं चालत असेल तर फक्त पांढरं, उकडून. एका पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि चरबी नावालाच. मासे खाणाऱ्या घरांनी बांगडा-तारली टाळावी, ते तेलाचे मासे. तळ्यातला रोहू किंवा कटला उकडून, काटे पूर्ण काढून, बदल म्हणून चालतो.

सोनू पेज हुंगून बाजूला होतो, याचा अर्थ तो लाडावलाय असा काढू नका. पोटातली मळमळ आणि दुखणं शिल्लक असलं की कुत्रं अगदी असंच करतं : भांड्यापाशी येतं, हुंगतं, ओठ चाटतं, लाळ गिळतं, निघून जातं. वास घेऊन तोंड फिरवणं आणि ओठ चाटणं दिसत असेल तर आधी डॉक्टरांकडून मळमळीचं औषध चालू आहे का ते विचारा. मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन सहसा देतात, पण मात्रा त्यांनीच ठरवायची. दुखणं कमी करायचं औषधही त्यांच्याकडूनच. घरातली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांपैकी एकही गोळी कुत्र्याला देऊ नका. जठराला जखमा होतात, मूत्रपिंड आणि यकृत जातं. मळमळ आटोक्यात असूनही खात नसेल तर खाणं अंगाइतकं कोमट करा, वास सुटतो. चरबी काढलेलं चिकनचं पाणी वर घाला. हातानं एक घास द्या. तोंड उघडून कोंबू नका, फुप्फुसात जायची भीती असते आणि त्या खाण्याचाच त्याला तिटकारा बसतो. सलग २४ तास काहीच घेतलं नाही तर दवाखाना.

गोळ्या द्यायची इथली रीत म्हणजे पेढ्यात किंवा कुंद्यात गुंडाळून. बेळगावात कुंदा घरात असतोच आणि कुत्रं झटकन गिळतं, हे मलाही माहीत आहे. पण तो खव्याचा गोड पदार्थ दिवसातून दोनदा, सात दिवस, आणि तोही स्वादुपिंडाच्याच औषधासोबत! कुस्करलेल्या भोपळ्याच्या गोळीत किंवा चिकनच्या तुकड्याला चीर देऊन त्यात गोळी ठेवा, तितकीच पटकन जाते. गोकाकचं करदंट तर कधीच नको. त्यातला सुका मेवा चरबीचा आणि मनुका असतील तर त्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी.

बिस्किटांचं तसंच. साध्या ग्लुकोज किंवा मारी बिस्किटातही १० ते १३ टक्के चरबी असते, क्रीमच्या बिस्किटात आणि बेकरीच्या खारीत त्याहून कितीतरी जास्त. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर दोन, दुपारी शाळेतून आलेल्या मुलांकडून दोन, संध्याकाळी शेजारच्या अक्कांकडून एक. कुणीच जास्त देत नाही आणि कुणाचंच लक्ष एकूण आकड्याकडे नसतं. मी घरोघरी एक उपाय सांगतो आणि तो चालतो : सकाळीच त्याच्या दिवसभराच्या मापातून वीस-पंचवीस ग्रॅम चिकनचे बारीक तुकडे एका डबीत काढून ठेवा. ज्याला काही द्यावंसं वाटेल त्यानं त्या डबीतूनच द्यायचं. डबी संपली की संपलं. द्यायची हौस भागते, हिशेबही बिघडत नाही. काकडीचे किंवा उकडलेल्या गाजराचे तुकडेही चालतात. कचऱ्याची बादली मात्र झाकणाची घ्या आणि जेवणाच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत बांधा.

घरगुती उपायांचं एका वाक्यात : पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल, अंगावर केस यावेत म्हणून खोबरेल, ताकद यावी म्हणून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, हे सगळं तेलच आहे, बंद.

चिकन-भात-भोपळा हे जेवण दोन-तीन आठवड्यांसाठी उत्तम, पण कायमचं म्हणून अपुरं आहे, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. त्यात कॅल्शियम जवळपास नाही. झिंक, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतं. चरबी फारच कमी राहिली तर त्वचेला लागणारी आवश्यक मेदाम्लंही मिळत नाहीत, केस रुक्ष होतात. महिने-महिने असंच चाललं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. अंड्याचं कवच धुऊन, दहा मिनिटं उकळून, वाळवून, मिक्सरला पीठ केलं की चांगलं कॅल्शियम मिळतं. सोनूच्या मापाला दिवसाला सव्वा ग्रॅम पुरे, म्हणजे चहाचा पाव चमचा. पण मूत्रपिंडाचा किंवा मुतखड्याचा काही त्रास नाही हे डॉक्टरांकडून आधी पक्कं करा. बाकीच्या क्षार-जीवनसत्त्वांसाठी कुत्र्यांची पूरक पावडर त्यांच्याकडूनच लिहून घ्या. माणसांच्या मल्टिव्हिटॅमिननं काम होत नाही. त्यातलं ड जीवनसत्त्व कुत्र्याला जास्तही होऊ शकतं.

म्हणून परवडत असेल तर मधला मार्ग काढा. रॉयल कॅनिनचं गॅस्ट्रोइंटेस्टायनल लो फॅट, हिल्सचं आय/डी लो फॅट अशी खास खाद्यं या आजारासाठीच बनवलेली आहेत. बेळगावातून कुणी येणारं-जाणारं असेल तर मागवा, नाहीतर कुरिअरनं येतं. अर्ध्या कॅलरी त्यातून, अर्ध्या घरच्या चिकन-भातातून असं केलं तर पिशवी दुप्पट दिवस पुरते आणि क्षार-जीवनसत्त्वांची निम्मी भर तिथून पडते. पिशवीवर 'गॅस्ट्रोइंटेस्टायनल' एवढंच वाचून घेऊ नका. त्याच नावाच्या साध्या प्रकारात चरबी भरपूर असते. 'लो फॅट' हे दोन शब्द दिसलेच पाहिजेत.

दुसऱ्या कंपनीचं खाद्य असेल तर असं तपासा. पिशवीवर चरबी १४ टक्के आणि किलोला ३,७०० कॅलरी लिहिलंय. किलोत १४० ग्रॅम चरबी, भागिले ३.७, म्हणजे १,००० कॅलरीमागे ३८ ग्रॅम. बाद. चरबी ७ टक्के आणि ३,५०० कॅलरी असेल तर २० ग्रॅम, चालेल. पिशवीवरचा आकडा सहसा 'कमीत कमी' म्हणून छापलेला असतो, प्रत्यक्षात चरबी त्याहून जास्त असू शकते. ओल्या खाद्याच्या पाउचवर ४ टक्के चरबी वाचून खूश होऊ नका. त्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २२ भागांत ४ भाग चरबी, म्हणजे कोरड्यावर १८ टक्के. कुठल्याही नव्या खाद्यावर आणताना आठवडाभर जुन्यात मिसळत, वाढवत न्या.

किती दिवस? सोनूचा हा पहिलाच झटका असेल, कारण यात्रेचं जेवण असेल, आणि बरा झाल्यावर रक्तातलं ट्रायग्लिसराइड ठीक आलं, तर चार आठवडे कडक पथ्य पाळा. मग चरबी हळूहळू थोडी वाढवता येते, पण पूर्वीचं ताट परत येत नाही. दुसऱ्यांदा झटका आला, किंवा ट्रायग्लिसराइड चढंच राहिलं, तर हे पथ्य जन्मभराचं. मधूनमधून एक-दोन दिवस खाणं सोडणं, गवत खात राहणं, अधूनमधून पिवळी उलटी, हे चालूच असेल तर सूज जुनाट झालेली असू शकते. तेव्हाही पथ्य कायमचंच धरा. मिनिएचर श्नाउझर पाळणाऱ्यांनी तर पहिल्यापासूनच ट्रायग्लिसराइड तपासत राहावं, त्या जातीत ते उपजतच जास्त आढळतं.

वजन उतरवायची घाई पहिले दोन आठवडे करू नका. नंतर आठवड्याला शंभर ते दोनशे ग्रॅम उतरलं तर बरोबर चाललंय. दोन किलो जायला तीन ते पाच महिने लागतील. घरातल्या काट्यावर आधी तुम्ही एकट्या उभ्या राहा, मग त्याला घेऊन. पण शंभर ग्रॅमचा फरक त्यावर नीट कळत नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या काट्यावर.

वाट न बघता गाडी काढायची वेळ अशी : दिवसात दोनपेक्षा जास्त उलट्या, उलटीत किंवा शीमध्ये रक्त, हिरड्या-डोळे पिवळे दिसणं, पोट फुगून कडक होणं, उभं राहता न येणं. रात्र असेल तर आधी फोन करून दवाखाना उघडा आहे का बघा, नाहीतर कोल्हापूर किंवा धारवाडपर्यंत जावं लागेल हे धरूनच निघा. सावकाश दिसणारी दोन लक्षणंही ओळखून ठेवा. पाणी आणि लघवी अचानक वाढली तर मधुमेहासाठी रक्तातली साखर तपासा. आणि भरपूर खाऊनही वाळत चाललाय, शी ढीगभर, फिकट आणि तेलकट होतेय, तर स्वादुपिंड पचनाचे रस पुरेसे बनवत नाहीये; तेव्हा खाण्यात एन्झाइमची पावडर मिसळावी लागते आणि बी-१२ बघावं लागतं.

सोनूला फिट्सचं किंवा दुसरं कुठलं औषध कायम चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. फेनोबार्बिटोन, पोटॅशियम ब्रोमाइड, अॅझाथायोप्रिन या औषधांचा या आजाराशी संबंध आढळलेला आहे. स्वतःहून मात्र बंद करू नका, फिट्सचं औषध एकदम तोडलं तर ते आणखी वाईट.

ट्रायग्लिसराइडसाठी रक्त द्यायला तीन-चार आठवड्यांनी जा. १२ तास उपाशी हवं, पाणी चालेल. सकाळी नऊची वेळ घेतलीत तर आदल्या रात्री साडेआठला शेवटचं खाणं. खानापूरहून निघताना गाडीत बिस्किटाचा पुडा ठेवू नका. परतीच्या वाटेवर द्यायला चिकन-भाताचा डबा बरोबर घ्या. आतापर्यंत रोज काय आणि किती ग्रॅम दिलं त्याची वहीही न्या, डॉक्टर त्याच वहीवरून पुढचं माप ठरवतील.